लेबलाखालचं लेबल : एल किटमधल्या हॉप्सबद्दल तक्रार

लीड्स
१० फेब्रुवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लँडलॉर्ड बीअरच्या धर्तीवरच्या एल किटमध्ये भलत्याच जातीचे जुने हॉप्स नवं लेबल चिकटवून पाठवल्याबद्दल.

स. न. वि. वि.

तुमच्या दुकानात फोनवर मराठीतून बोलणं झालं होतं, म्हणून हे पत्रही मराठीतच लिहितो. फोनवर मिळालेल्या उत्तराने समाधान झालं नाही, तेव्हा आता लेखी.

२० जानेवारीला मी तुमच्याकडून घरी २३ लिटर बीअर करायचं किट मागवलं. ते २३ तारखेला हातात पडलं. टिमथी टेलर ब्रुअरीच्या लँडलॉर्डसारखी एल (बीअरचाच एक प्रकार) घरी जमावी, एवढ्यासाठीच तुम्ही ते विकता आणि जाहिरातीत तसं लिहिताही. गोल्डन प्रॉमिस जातीच्या बार्लीचा मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), बीअरला कडूपणा आणि वास देणारी हॉप्सची फुलं, म्हणजे फगल, गोल्डिंग्ज आणि उकळीच्या अखेरीस घालायला स्टिरियन गोल्डिंग्ज, शिवाय वेस्ट यॉर्कशायरचं द्रव यीस्ट, असा माल. किंमत ३८ पौंड. बिटर या साध्या कडवट एलचं किट तुमच्याकडेच याहून बरंच स्वस्त आहे. वरचे पैसे मोजले ते या नावांसाठी.

१ फेब्रुवारीला, शनिवारी, बीअर करायला घेतली. मॉल्टबद्दल काहीच म्हणणं नाही. भरडणी व्यवस्थित होती, ६६ अंशांच्या पाण्यात मॉल्ट भिजवून तासभर मॅश ठेवला आणि वर्ट, म्हणजे त्याचा गोड रस, स्वच्छ उतरला. उकळी आली, फगल पडले. स्टिरियनचं पाकीट भांड्याशेजारीच ठेवलं होतं. वाफेने त्याच्या लेबलाचा कोपरा सुटला आणि खालून दुसरं लेबल दिसलं. नखाने सोलून काढलं. वर 'स्टिरियन गोल्डिंग्ज, पीक २०२३'. खाली, तुमच्याच दुकानाच्या शिक्क्यासह, 'ईस्ट केंट गोल्डिंग्ज, पीक २०१९'. पाकीट कापलं तर आत हिरव्याऐवजी तपकिरी पडलेला पाला, बोटांत धरताच भुगा होणारा, आणि जुनाट चीजचा, घामट मोज्यांचा भपकारा. हॉप्स जुने झाले, त्यांना हवा लागली की आयसोव्हॅलेरिक आम्लाचा हाच वास सुटतो, हे हॉप्स विकणाऱ्याला मी सांगायला नको.

उकळतं भांडं तसंच सोडून दुसरे हॉप्स आणायला कुठे जाणार? तो पाला मी घातला नाही. उकळीचा शेवट हॉप्सविनाच झाला.

यीस्टबद्दल मात्र तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. रात्रीत बादलीवर असा जाड फेस चढला की झाकण उचललं गेलं. परवा पिंपात भरताना चाखून पाहिली. बिटर म्हणून वाईट नाही, पाहुणे पितील. पण लँडलॉर्डचा ग्लास तोंडाशी नेताना संत्र्याच्या सालीचा, किंचित मिरमिरीत असा जो वास आधी येतो, तो या बीअरमध्ये औषधालाही नाही. तो येतो याच शेवटच्या हॉप्सने. तुमच्या कृतिपत्रकातही 'हा टप्पा गाळू नका' असं ठळक छापलंय.

आता तुमच्या उत्तराबद्दल. फोनवरच्या गृहस्थांनी सांगितलं, "दोन्ही गोल्डिंग्जच, काही फरक पडत नाही." फरक पडतो. स्टिरियन गोल्डिंग्ज हा स्लोव्हेनियातल्या साविन्या खोऱ्यातला हॉप, आणि नाव काहीही असलं तरी तो वंशाने फगल आहे, गोल्डिंग नव्हे. केंटच्या गोल्डिंग्जचा गंध फुलांचा, मधाळ. स्टिरियनचा मातकट आणि मसालेदार. आणि घटकाभर धरून चालू की दोन्ही सारखेच, तरी २०१९ चं पीक २०२३ चं कसं झालं? पाकीट चुकून बदललं असतं तर खालचंच लेबल राहिलं असतं. वर नवं चिकटवायला कुणीतरी हात लावलाय.

त्याच गृहस्थांचा दुसरा सल्ला होता, "एवढंच असेल तर बाटली विकत घ्या ना!" लँडलॉर्ड मला ठाऊक आहे. ती बनते ते कीथली इथून जवळ आहे आणि कामावरून परतताना मी ती पबमध्ये पितोही. दिवाळीचा फराळ घरी करणाऱ्या बाईला कुणी 'चकली दुकानात मिळते की' असं सांगत नाही. आणि सगळेच गिऱ्हाईक बाटली घेऊ लागले तर तुमच्या दुकानाचं काय होईल, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

स्टिरियन मिळत नव्हते, तर तसं कळवायचं. मी दोन आठवडे थांबलो असतो, नाहीतर ऑर्डर रद्द केली असती. इतर दुकानं बदली माल देतात तेव्हा आधी विचारतात, निदान खोक्यात चिठ्ठी तरी घालतात. विशिष्ट बीअरची नक्कल म्हणून विकलेल्या किटमध्ये न विचारता जिन्नस बदलला, तर ते किट कशाची नक्कल उरतं?

२०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, आणि नसेल तर ३० दिवसांच्या आत तो नाकारून पैसे परत मागता येतात. ती मुदत अजून संपलेली नाही. घरची बीअर विकता येत नाही, त्यामुळे तिची किंमत मी लावत नाही, आणि वाया गेलेल्या शनिवारचीही मागत नाही. मात्र किटचे पूर्ण ३८ पौंड परत हवेत. फक्त हॉप्सचे पैसे देऊ, ही फोनवरची तडजोड मान्य नाही, कारण हॉप्स मी सुटे घेतले नव्हते. बदली किट पाठवू नये. त्याच सुमारास ज्यांना ही किटं गेली असतील त्यांना तुम्ही स्वतःहून कळवावं, आणि हे लेबल कुणी व कुणाच्या सांगण्यावरून चिकटवलं त्याचा लेखी खुलासा करावा.

२४ फेब्रुवारीपर्यंत उत्तर आलं नाही तर स्थानिक ग्राहक सल्ला केंद्राकडे तक्रार नोंदवेन. पाकीट आतल्या हॉप्ससह हवाबंद डब्यात जपून ठेवलंय. तपासायचं असल्यास तुमच्या खर्चाने मागवून घ्यावं. डबा घराबाहेर उघडावा.

कळावे,
आपला एक ग्राहक

सोबत : दोन्ही लेबलांचे फोटो, पावतीची प्रत, कृतिपत्रकाचं पहिलं पान.