उद्यानातील शिल्पांभोवती फिरता यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक उद्यानात समकालीन शिल्प उभारताना त्याच्या जागेचा विचार निवडीइतक्याच गांभीर्याने व्हावा, यासाठी हे पत्र. लंडन काउंटी कौन्सिलने १९४८ मध्ये बॅटरसी पार्कमध्ये हेन्री मूर यांच्यासह अनेकांची शिल्पे उघड्यावर मांडली, तेव्हा कलादालनाची पायरी कधी न चढलेल्या नागरिकांनाही ती सहज पाहता आली. दालनातील प्रकाश ठरलेला असतो. उद्यानात मात्र सकाळी सपाट भासलेला पृष्ठभाग उतरत्या उन्हात खोल दिसू लागतो. शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील अनीश कपूर यांचे, २००६ मध्ये पूर्ण झालेले ‘क्लाउड गेट’ हे सुमारे २० मीटर लांबीचे शिल्प आपल्या आरशासारख्या पोलादावर आकाशालाही घेते आणि पाहणाऱ्यालाही. त्याच्या कमानीखालून चालत गेल्याशिवाय ते पाहिले असे म्हणता येणार नाही.

म्हणूनच भक्कम शिल्पांभोवती सरसकट कुंपण घालणे मला मनापासून खटकते. नाजूक कृतींना संरक्षण हवेच, पण तो निर्णय सामग्री पाहून व्हावा. देखभालीचेही तेच. काही शिल्पांत मुद्दाम वापरलेल्या विशिष्ट पोलादावर गंजाचा दाट थर धरतो व तोच आतील धातूचे रक्षण करतो. अशा शिल्पाला रंग फासला, तर शिल्पकाराने योजलेले रूपच नाहीसे होते. उद्यान विभागांनी शिल्पकाराकडून देखभालीच्या लेखी सूचना घ्याव्यात आणि स्पर्श करण्यास परवानगी आहे की नाही, हे फलकावर स्पष्ट लिहावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक