मुरुमावरची गाडी तशीच ट्रॅकवर नेऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हौशी चालकांनी आपली स्पोर्ट्स कार कशी तयार करावी, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. गाडी दोन इंच खाली उतरवा, कडक स्प्रिंग टाका, टायरमध्ये हवा वाढवा, की ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत वेळ लावून मारायची छोटी फेरी) आणि ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) दोन्हींची सोय झाली, असा त्याचा मथितार्थ. सोमवारी आमच्या दुकानाचं शटर पूर्ण वर जायच्या आत त्याचं कात्रण घेऊन पोरं दारात हजर. भोसरीत आमचं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे, वडिलांनंतर मीच बघते. कंपन्यांच्या गाड्यांवर पोट चालतं, पण शर्यतीची हौस असलेल्यांच्या गाड्याही येतात. म्हणून हे पत्र.

लेख परदेशातलं वाचून लिहिलेला दिसतो. अमेरिकेत ऑटोक्रॉस होतो तो डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, प्लास्टिकचे शंकू म्हणजे कोन मांडून, साधारण मिनिटभराची एकेक फेरी. आपल्याकडे बहुतेक वेळा मातीचं नाहीतर मुरुमाचं मैदान मिळतं. तिथे खाली उतरवलेली गाडी नेली तर पहिल्याच खड्ड्यात इंजिनाखालचा ऑइल चेंबर फुटायचा. इथे उलट गाडीला उंची हवी, चेंबरखाली जाड गार्ड हवा, स्प्रिंग मऊ हवी आणि शॉकअप चांगला, म्हणजे खड्ड्यात चाक जमीन सोडणार नाही. टायर खाचांचे, हँडब्रेक चोख. आणि हो, खरी टू-सीटर स्पोर्ट्स कार असेल तर ती मुरुमावर नेऊच नका. ते काम जुन्या जिप्सीचं, एस्टीमचं नाहीतर स्विफ्टचं.

डांबरावर ऑटोक्रॉस असेल तर गोष्ट वेगळी. फेरी एवढी छोटी की टायर तापायच्या आत संपते, त्यामुळे गार असतानाच पकड देणारा टायर लागतो आणि गार असतानाच धरणारे ब्रेक पॅड. सगळा खेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला. पुढच्या चाकांना किंचित टो-आउट दिला, म्हणजे त्यांची तोंडं जराशी बाहेर वळवली, की गाडी कोनाभोवती पटकन वळते. पोरांना हे फार आवडतं. तोच टो-आउट ठेवून एक्स्प्रेसवेला लागलात तर मात्र गाडी लेनमध्ये भिरभिरते, स्टिअरिंग सतत सावरत बसावं लागतं आणि टायरची आतली कड खलास होते.

ट्रॅकवर पुन्हा तिसरंच गणित. कोइम्बतूरचा करी स्पीडवे २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं आणि त्यात एकच सरळ पट्टा किलोमीटरहून लांब. तिथे पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी पळते आणि प्रत्येक फेरीत मोठ्या वेगावरून जोरात ब्रेक लागतात. खरा शत्रू उष्णता. लेखात ब्रेक ऑइलचं नावही नाही, याचं मला सगळ्यात आश्चर्य वाटलं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं. पाणी मुरलेल्या डॉट ४ साठी मानकात धरलेला किमान उत्कलनबिंदू १५५ अंश आहे. म्हणजे पुण्याचे दोन पावसाळे काढलेलं, कोऱ्या चहासारखं काळपट झालेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर गेलात, की तिसऱ्या-चौथ्या फेरीला ते उकळणार, पाइपात वाफ होणार आणि पेडल थेट तळाला जाणार. मोठा सायलेन्सर नंतर घ्या. आधी ब्रेक ऑइल बदलून नीट ब्लीडिंग करून घ्या, म्हणजे पाइपातली हवा काढून घ्या. त्याला सायलेन्सरच्या मानाने किरकोळ खर्च येतो.

पॅडचंही तसंच. ट्रॅकचे पॅड तापल्यावर उत्तम धरतात, पण गार असताना ना धड पकड, ना शांतता. ते लावून चाकणच्या ट्रॅफिकमध्ये फिरू नये.

आता माझ्या कामाचं. ट्रॅकवरून आलेल्या एका स्विफ्टचा पुढचा टायर मी पोरांना मुद्दाम हात लावून पाहायला सांगितला. बाहेरच्या खांद्यावरचे ठोकळे गोल झालेले, रबराचे कण सुटून परत चिकटलेले, आणि आतल्या अर्ध्या भागावर नव्या टायरचे केस अजून तसेच. वळणात गाडी बाहेर झुकते, चाकही तिच्याबरोबर झुकतं आणि सगळं वजन बाहेरच्या कडेवर येतं. म्हणून चाकाचा माथा आधीच आत कललेला ठेवायचा, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर. कंपनीतून आलेल्या साध्या गाडीला तो फार कमी असतो, ट्रॅकला अडीच-तीन अंशांपर्यंत मागतात. स्विफ्टसारख्या गाडीत पुढे कॅम्बर बोल्ट टाकून थोडा मिळवता येतो. मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग बीम, तिथे शिम म्हणजे पातळ चकती घातल्याशिवाय काही हलत नाही. आणि कॅम्बर बदलला की टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते, आपोआप बिघडतो, म्हणून आधी कॅम्बर, मग टो. मोजताना चालकाला सीटवर बसवते किंवा त्याच्या वजनाची पोती ठेवते. हसतात सगळे, पण मशीनवरचे आकडे हलताना दिसले की गप्प होतात.

हवा वाढवण्याच्या सल्ल्याने तर कहर केला. ट्रॅकवर तापल्यावर टायरमधली हवा पाच-सात पाउंड सहज चढते. म्हणून रस्त्यावर ३२ भरत असाल तर ट्रॅकवर गारमध्ये त्याहून कमी भरून सुरुवात करायची आणि बाहेर आल्या आल्या, टायर गरम असतानाच गेज लावून जुळवायची. चार-पाच तास थांबून मोजलेला आकडा काय कामाचा? परतीच्या प्रवासाआधी रस्त्याची हवा पुन्हा भरायची, हेही विसरू नये. डांबरी ऑटोक्रॉसला मात्र टायर फार तापत नाही, त्यामुळे तिथे थोडी जास्त हवा चालते. लेखकाने बहुधा ती ओळ उचलून सगळीकडे चिकटवली.

मातीवरून आलेल्यांसाठी एक. सोमवारी बरेच जण येतात, 'ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं, अलाइनमेंट गेली.' चाक काढून बघावं तर रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल. तो खरवडून काढला की थरथर गायब. पाण्याचा पाइप मारा, आमच्याकडे यायची गरज नाही.

शेवटचा मुद्दा विम्याचा. गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. शर्यत आणि वेगचाचणी यांसाठी केलेला वापर त्यात वगळलेला असतो. मैदानात किंवा ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपल्याच खिशातून. गाडी बऱ्याचदा वडिलांच्या नावावर असते आणि हप्तेही तेच भरत असतात, त्यामुळे हे त्यांना आधी कळायला हवं. पुढच्या पुरवणीत जागा कमी असेल तर बाकीचं राहू द्या, पण विमा आणि हवेची दुरुस्ती एवढं चौकटीत छापावं, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, भोसरी