श्वास मोजायला शिकवणारे वॉर्डात हवेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नर्सिंग कॉलेजे आणि त्यांतील जागा वाढत असल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येत असतात. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभरात १५७ नवी नर्सिंग कॉलेजे काढण्याची घोषणा झाली, तेव्हा सदतीस वर्षे रुग्णसेवेत घालवलेल्या माझ्यासारखीला समाधानच वाटले होते. मात्र वर्गात किती मुली बसतात यापेक्षा वॉर्डात त्यांच्याशेजारी कोण उभे असते, यावर त्यांचे शिक्षण ठरते, आणि नेमके तिथेच आज कोणी नसते. याच विषयावर चार शब्द लिहायची परवानगी असावी.

गेल्या पावसाळ्यात माझे थोरले दीर न्यूमोनियाने आजारी होऊन आमच्या जिल्ह्यातील एका खाजगी रुग्णालयात दाखल होते आणि रात्री सोबतीला मी राहत असे. जुन्या सवयीने कॉटच्या पायथ्याचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींचा तक्ता, उघडून पाहिला. ताप चढत-उतरत होता, नाडी बदलत होती, पण श्वासाच्या रकान्यात दोन दिवस, दर चार तासांनी, २० हा एकच आकडा लिहिलेला होता. मी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर मोजले, तर श्वास ३२ भरले. सकाळी तिसऱ्या वर्षाची एक शिकाऊ मुलगी थर्मामीटर घेऊन आली. श्वास कसा मोजतेस, असे मी विचारले, तेव्हा ती अगदी सरळपणे म्हणाली, "मावशी, सगळे वीसच लिहितात."

मी तिला शेजारी बसवले. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचे नाही, कारण आपला श्वास मोजला जातो आहे हे कळले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. हात तसाच धरून नजर छातीवर ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे, एवढेच तिला सांगितले. तिचे मोजणे ३१ भरले. चार्टवरचा आधीचा आकडा आणि स्वतःचा आकडा तिने दोनदा पाहिला आणि ती धावतच ड्युटीवरच्या सिस्टरांकडे गेली. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला गेला, औषधे बदलली आणि आठवडाभराने दीर घरी आले. त्या मुलीला मी तिळभरही दोष देत नाही. तीन वर्षांत तिला हे हाताला धरून कोणी शिकवलेच नव्हते.

वाचकांना हा आकडा किरकोळ वाटू नये. निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, आणि रुग्ण खालावू लागला की पुष्कळदा नाडी व रक्तदाबाच्या आधी श्वासाची गती वाढते. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली रुग्णाच्या बिघाडाची आगाऊ सूचना देणारी गुणपद्धती तयार केली. तिच्यात श्वास २५ किंवा त्याहून जास्त भरले की धोक्याचे सर्वाधिक म्हणजे ३ गुण दिले जातात. यंत्राची गरज नाही, खर्च नाही. सेकंदकाट्याचे घड्याळ आणि एक मिनिट पुरते.

पण ते एक मिनिट वॉर्डातल्या सिस्टरकडे उरलेले नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तीस खाटांच्या वॉर्डात ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांना प्रत्येक रुग्णामागे मिळून पाच मिनिटे धरली तरी एका फेरीला अडीच तास लागतात. इंजेक्शने, सलाईन, ड्रेसिंग, राउंड, नातेवाइकांचे प्रश्न आणि ड्युटी संपताना पुढच्या पाळीला द्यायचा ओव्हर, म्हणजे रुग्णांची तोंडी माहिती, हे सगळे वेगळेच. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. किती वॉर्डांत तो पाळला जातो, हे रात्रपाळीला कोणीही जाऊन पाहावे. २०१४ साली लॅन्सेटमध्ये नऊ युरोपीय देशांतील रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की ती सात टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. म्हणजे मनुष्यबळ आणि शिक्षण दोन्ही हवे. एक देऊन दुसरे टाळता येत नाही.

आपल्याकडे मात्र विद्यार्थिनींनाच मनुष्यबळ समजण्याची सवय जडली आहे. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर सांभाळले जाते. पाठ्यनिर्देशिका, म्हणजे कॉलेजातल्या नर्सिंगच्या शिक्षिका, सकाळी हजेरी घेतात आणि कॉलेजात तासासाठी परततात. मग मुली सिस्टरांच्या हाताखाली निरोप पोचवणे, रक्ताचे नमुने नेणे, चादरी मोजणे अशा कामांत दिवस काढतात आणि प्रोसिजर बुकातल्या, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीतल्या, सह्या वर्षाच्या शेवटी एकगठ्ठा मिळतात. न केलेल्या कॅथेटर केअरवर (लघवीच्या नळीच्या निगेवर) आणि न दिलेल्या स्पंज बाथवर झालेली सही मी पाहिली आहे आणि तिचा मला आजही संताप येतो. बिछान्याला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलताना माकडहाडाजवळची कातडी लाल झाली आहे का, हे बोटाने दाबून कसे पाहायचे, ते पुस्तक वाचून येत नाही.

मिरजेत डॉ. वानलेस यांचे रुग्णालय १८९४ साली उभे राहिले, तेव्हापासून कर्नाटकातूनही रुग्ण रेल्वेने इथे येत आले आहेत. त्या लौकिकात डॉक्टरांइतकाच वाटा अंगावर शिस्त बाणवून घेतलेल्या परिचारिकांचा होता.

माझी मागणी मोठी नाही. सकाळच्या पाळीत विद्यार्थिनी वॉर्डात असतील तोवर त्यांच्या पाठ्यनिर्देशिकाही वॉर्डातच असाव्यात आणि त्यांचे नाव वॉर्डाच्या फलकावर लिहिलेले असावे. प्रत्येक प्रोसिजरवर सही त्याच दिवशी आणि खाटेजवळ व्हावी. सांगली-मिरजेत माझ्यासारख्या बऱ्याच निवृत्त परिसेविका (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर) आहेत. रोज सकाळी दोन तास वॉर्डात उभे राहून मुलींना शिकवायला आमच्यापैकी अनेकजणी मानधनाशिवाय तयार होतील. जिल्ह्यातील रुग्णालयांच्या अधिसेविका (मेट्रन) आणि कॉलेजांच्या प्राचार्यांनी त्याची परवानगी द्यावी, एवढी विनंती या पत्राद्वारे करीत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
विश्रामबाग, सांगली