माफी मागताना 'पण' नको

मावशी, सलाम.

हे पत्र उघड लिहितोय, कारण मी ओरडलो तेही चारचौघांतच. आता आभार कोपऱ्यात उरकले तर बरं दिसणार नाही.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार तुम्हाला आठवत असेलच. बाहेर सोलापूरचं ऊन, आत चर्चमध्ये सगळी मंडळी झावळ्या हलवत 'होसान्ना' असं स्तुतिगीत गातेय आणि माझा आवाज सगळ्यांच्या वर. माझं अर्धं आयुष्य अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये गेलं. तिथे माग चालू असताना शेजारच्याशी बोलायचं तरी कानाशी जाऊन ओरडावं लागतं. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही भाषांत मला ओरडता येतं. (हे मी कौतुकाने सांगायचो.) तेवढ्यात माईक किंचाळला आणि मी तो सांभाळणाऱ्या पोरावर तुटून पडलो. "काय बे, डोळे फुटले का?" आपल्याकडे 'बे' लाडानेही म्हणतात, माझं लाडाचं नव्हतं. 14 वर्षांचं पोर ते. कान लाल झाले त्याचे. वायर नीट गुंडाळून ठेवली आणि उपासना संपायच्या आत निघून गेलं.

मला कोणी काही बोललं नाही. तुम्हीही नाही. मंगळवारी संध्याकाळी शेंगाचटणीचा डबा घेऊन घरी आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "मला बारीक अक्षर दिसत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय वाचून दाखव." मी सुरू केलं. "हळू वाच रे, मी बहिरी नाही." घोड्याचा लगाम, भल्यामोठ्या तारवाचं इवलंसं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, हे जिभेचे सगळे दाखले संडे स्कूलपासून पाठ. झरझर वाचत गेलो आणि नवव्या वचनाशी अडकलो. ज्या जिभेने देवाची स्तुती करायची, तिनेच त्याच्या प्रतिरूपाची माणसं शापायची, असं तिथे आहे. माझ्या होसान्नात आणि 'काय बे'मध्ये दहा मिनिटंसुद्धा गेली नव्हती.

"त्याच्या घरी जाऊन ये," तुम्ही म्हणालात. "पण आधी काय बोलणार ते मला म्हणून दाखव."

मी म्हटलं, "बाळा, माझं चुकलं, पण माईक तू आधी तपासायला..."

तुम्ही बोट वर केलंत. पुन्हा म्हटलं. "माझं चुकलं, पण उपासनेत..." पुन्हा बोट. चौथ्या वेळी कुठे 'पण' गेला. तेव्हा कळलं की वाक्यात काहीच उरत नाही, दोन शब्द फक्त. तेवढेच बोलायला इतकं जड जातं! निघताना पिशवीतून चष्मा काढून घातलात आणि जिना उतरलात. तोवर तो पिशवीत आहे हे मला माहीत नव्हतं.

त्याच्या आईने दार उघडलं. दोन शब्द बोललो. पोराने मान हलवली, बस. गुड फ्रायडेला येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची लांब उपासना होती. बाराला पाच कमी असताना ते येऊन माईकपाशी बसलं. पहिलाच उद्गार क्षमेचा. त्या वेळी मी तरी वर पाहिलं नाही.

तुमच्याकडून आणखी एक शिकलो. जपून बोलणं म्हणजे गोडगोड बोलणं, असं मी समजत होतो. कमिटीत गरिबांच्या फंडातून मंडपाचं बिल भागवायची गोष्ट निघाली, तेव्हा तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "हे पैसे विधवांच्या नावाने गोळा केलेत, मंडपाला देता येणार नाहीत." विषय तिथेच मिटला. कोणाचा अपमान नाही आणि कोणाची भीडही नाही. बायबलमध्ये पौलाने कलस्सैकरांना पत्रात बोलणं मिठाने रुचकर असावं असं लिहिलं. साखरेचं नाव काढलं नाही, हे माझ्या ध्यानात तुमच्यामुळे आलं.

शेडमध्ये मी अजून ओरडतो, मागांपुढे इलाज नाही. पण माग थांबल्यावरही तोच सूर लागायचा, तो आता कमी झालाय. गेल्या आठवड्यात दोनदा घसरलो. एकदा घरीच. बायकोने काही न बोलता बोट वर केलं. ही तुमचीच शिकवण, दुसऱ्या कोणाची?

तुमचा डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा कसा द्यायचा म्हणून राहिला. रविवारी भरून आणतो.

तुमचा,
मोठ्या आवाजाचा