चवथीच्या फुगडीची तालीम : वेळ बदलली

सर्व सभासद भगिनींना नमस्कार.

रात्री मालिका सोडून कोणी येत नाही, म्हणून शनिवारपासून तालीम संध्याकाळी 5 वाजता, देवळाच्या सभामंडपात. फुगडीला वाद्य लागत नाही. ताल पायांचा, टाळीचा आणि ‘फू’चा. तेव्हा त्या भागात मोबाईलवरची गाणी नकोत. शेवटच्या सिनेनृत्याला खुशाल लावू. स्पीकर मात्र चार्ज करून आणा. ओढणी कमरेला घट्ट खोचा, गिरकी घेताना पायात येते.

इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात नटनट्या पाहायला पणजीला जायचा बेत नोव्हेंबरात ठरवू. महोत्सव 2004 पासून गोव्यातच भरतोय, चवथीआधी त्याची घाई कशाला? आणि मालिकेत काय झालं ते तालीम संपल्यावरच बोला. कालचा भाग मी अजून पाहिलेला नाही.

— सचिव