तार उलटी बांधली होती

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल ओक्लाहोमा सिटीहून माझं विमान-मेकॅनिकचं लायसन्स पोस्टाने आलं. एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक, बस्स. फोटो लगेच पाठवला असता, पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे आणि ती फोनवर जमत नाही.

मार्चमध्ये मी 'परीक्षा पुढे गेली' म्हणाले होते. ती गेली नव्हती. मी नापास झाले होते.

जनरल, एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), पॉवरप्लांट (इंजिन) हे तिन्ही लेखी पेपर पहिल्या फटक्यात सुटले होते. ७० टक्क्यांना पास, मी बरीच वर होते. घोटाळा प्रात्यक्षिकात झाला. परीक्षकाने बोल्टना सेफ्टी वायर, म्हणजे ते सैल होऊ नयेत म्हणून पिळून बांधायची तार, बांधायला सांगितली. पीळ सुरेख पडले, इंचाला सात. पण तारेची ओढ गेली बोल्ट सैल होण्याच्या बाजूला! हसा बाबा, खुशाल हसा. हँगरमध्ये शेकडो वेळा नीट बांधलेली तार तिथेच उलटी जायची होती.

नापास झालं की ३० दिवस थांबायचं, नाहीतर लायसन्सवाल्या मेकॅनिककडून 'हिला पुन्हा शिकवलं आहे' असं लिहून आणायचं. आमच्याकडचे एक म्हातारे मेकॅनिक लिहून द्यायला तयार होते. मीच नको म्हटलं. महिनाभर रोज रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर तारा पिळत बसले.

बाबा, तुम्ही विचारत होता, बी.ई. झाल्यावर ही परीक्षा कशाला? कारण इथे एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, नियमांत, पार्ट ६५ मध्ये, आपली डिग्री चालत नाही. त्यांच्या मान्यतेच्या शाळेतून शिका, नाहीतर हाताने केलेल्या कामाचे पुरावे आणा. एअरफ्रेम किंवा पॉवरप्लांट एकाच रेटिंगला (कामाच्या परवानगीला) १८ महिने, दोन्हींना ३० महिने. मी ३० महिन्यांची कागदपत्रं घेऊन गेले तेव्हा कुठे परीक्षेला बसू दिलं. दापोडीच्या वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना तुम्ही आधी वर्षभर नुसते नट-बोल्ट उघडायला लावायचात, ते आठवलं.

आई, 'मेकॅनिक' शब्दावरून तुझं तोंड वाकडं होतं हे मला माहीत आहे. जोशीकाकूंना तू 'विमानात इंजिनिअर' सांगतेस ना? कार्डावर चार्ल्स टेलरचं चित्र आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचं इंजिन त्याने साधारण सहा आठवड्यांत बनवलं. वैमानिकांच्या कार्डावर राइट बंधू, आमच्या कार्डावर तो. काकूंना हे सांग हवं तर.

आता दुरुस्ती केली की नोंदीखाली माझी सही आणि माझा नंबर. कधीच न केलेलं काम मात्र लायसन्स आहे म्हणून एकटीने सही करून सोडता येत नाही. आधी जाणकाराच्या देखरेखीखाली करून दाखवायचं. हा नियम मला फार आवडतो. लायसन्सला मुदत नाही, पण ते वापरायचं तर मागच्या २४ महिन्यांत निदान सहा महिने काम केलेलं असावं लागतं. तेव्हा 'वर्ष-दोन वर्षं इथेच येऊन राहा' या तुझ्या बेताचं काय करायचं, ते दिवाळीत समोरासमोर बोलू.

हे पाकीट माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई पुण्याला आणतायत. आत बोल्टच्या दोन जोड्या आहेत, दोन्हींना तार बांधलेली. एक परीक्षेतल्यासारखी, दुसरी नंतरची. उलटी कुठली ते बाबांनी ओळखायचं. आई, त्यांना चष्मा दे, पण सांगू नकोस.

तुमची,
रेवा