प्रमाणपत्र मिळाले, पण सराव कुठे करायचा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५ हजार माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांमध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स (चित्रपटांतली संगणकावर केलेली दृश्यकरामत), गेमिंग आणि कॉमिक्स शिकवणाऱ्या लॅब उभारण्याची घोषणा झाली. २०३० पर्यंत या क्षेत्राला २० लाख माणसे लागतील, असेही सांगण्यात आले. हे काम ज्या संस्थेमार्फत व्हायचे आहे ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज (आयआयसीटी) आपल्या मुंबईतलीच, पेडर रोडवर सुरू झालेली. गोरेगावच्या चित्रनगरीत तिच्यासाठी दहा एकर जागाही ठरली आहे. त्याआधी सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याच क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. हे वाचून मला मनापासून आनंद झाला. मानखुर्द-गोवंडीतल्या मराठी शाळेत मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली. आमच्या वस्तीतल्या मुलांच्या हातात काय आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच लॅबची खरेदी सुरू होण्याआधी एक गोष्ट मांडावीशी वाटते.

या धंद्यात मार्कलिस्टला फारसे कुणी विचारत नाही. मागतात ते शोरील, म्हणजे स्वतः केलेल्या कामाचा मिनिट-दीड मिनिटाचा व्हिडिओ. तो चांगला असला तर पुढची फेरी, नाहीतर नमस्कार. गरिबाघरच्या मुलांना खरे तर याचा फायदाच व्हायला हवा, कारण पडद्यावर काम बोलते, इंग्रजी नाही. पण ते दीड मिनिट उभे करायला चार-पाच महिने रोज बसावे लागते आणि नेमके तेवढे महिने कुठल्याच सरकारी योजनेत धरलेले नाहीत. योजना प्रमाणपत्राशी संपते. काम त्यानंतर सुरू होते.

माझ्या एका विद्यार्थिनीचे सांगते. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत तिला ए ग्रेड होती. वडील टेम्पो चालवतात, आई साड्यांना फॉल-पिको करून देते. पुनर्वसनाच्या इमारतीत सव्वादोनशे चौरस फुटांच्या घरात पाच माणसे. बारावीनंतर तिने एका प्रशिक्षण केंद्रात मोफत कोर्स केला आणि तिथे ती रोटो शिकली. रोटो म्हणजे चित्रित दृश्यातल्या माणसाची बाह्यरेषा फ्रेम-फ्रेम काढून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळे करायचे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२०. परदेशी चित्रपटांचे असले काम मुंबईत भरपूर येते आणि बहुतेक नव्या मुलांची सुरुवात तिथूनच होते. तिने मला धावणाऱ्या माणसाचा एक शॉट करून दाखवला. दंड वेगळा, कोपराखालचा हात वेगळा, पंजा वेगळा, जमेल तिथे बोटेसुद्धा वेगळी. प्रत्येक सांध्याशी आकार तोडलेला. मला म्हणाली, "बाई, तुम्ही हात काढताना आधी सांधे शोधायला लावायचात ना, तेच आहे हे." वेगाने हलणाऱ्या हाताची कडा किती धूसर ठेवायची, हेही तिला बरोबर कळले होते. ती कडा ठळक राहिली तर माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. ही नजर मुळात असावी लागते आणि ती घासून तयार करावी लागते.

कोर्स संपला आणि दुसऱ्या दिवसापासून केंद्राचा कॉम्प्युटर बंद झाला, कारण पुढची बॅच बसायची होती. घरी फक्त फोन. मालाडच्या एका स्टुडिओने रील मागितले, तेव्हा तिच्याकडे दाखवण्यासारखे तीनच शॉट होते. ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर आमच्या भागात भाड्याने मिळतो तो गेमिंग कॅफेत. तिथे रात्री उशिरापर्यंत मुलांची गर्दी. आई म्हणाली, "तिथे नको जाऊ बाळा." आईचे चुकले असे मी म्हणणार नाही. केंद्राने मग तिला एका मॉलमध्ये कपड्यांच्या काउंटरवर लावून दिले आणि कागदोपत्री तिला 'रोजगार मिळाला'. तिचा पगार घराला लागतो, त्यामुळे ती तिथेच आहे. तिच्यासारखी मुले मी मोजत बसले नाही, पण ती एकटी नाही, हे खात्रीने सांगते.

सॉफ्टवेअर महाग असते, हे कारण आता पुढे करू नये. ब्लेंडर हे ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा चित्रपट त्यावरच तयार झाला. अडते ते दणकट कॉम्प्युटरपाशी, शांत जागेपाशी आणि बिनपगारी महिन्यांपाशी.

जागेचा प्रश्न मुंबईने पूर्वी सोडवून दाखवलेला आहे. चाळीतल्या खोलीत अभ्यास होत नाही, हे ओळखून या शहरात अभ्यासिका निघाल्या. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळा चालल्या. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाने १९५३पासून कामगार वस्त्यांत केंद्रे उभी केली, तिथे आयाबाया शिवण शिकल्या. त्याच परंपरेत आजची लॅब बसवता येईल. शाळेतली लॅब सहा वाजता कुलूपबंद करण्याऐवजी रात्री दहापर्यंत आणि रविवारी दिवसभर उघडी ठेवा. देखरेखीला एक बाई नेमा, म्हणजे मुलींच्या घरचे निर्धास्त राहतील. आणि कोर्स संपलेल्या मुलांना पहिली नोकरी लागेपर्यंत तिथे बसू द्या. एक कॉम्प्युटर जास्त घेण्यापेक्षा आहे तो चार तास जास्त चालवणे कितीतरी स्वस्त पडेल.

आता पैशाचे. राज्याने २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला दरमहा सहा हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला आठ आणि पदवीधराला दहा हजार. रक्कम वाईट नाही. पण माझ्या ओळखीतली मुले त्यात कार्यालयांमध्ये फायली लावत बसली. चित्र काढणाऱ्या एकालाही स्टुडिओ मिळाला नाही. दुसरीकडे १९६१चा अप्रेंटिस कायदा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात आणि विद्यावेतनाचा पाव हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. अंधेरी, मालाड, गोरेगावातले मोठे स्टुडिओ या आकड्यात सहज बसतात. राज्याच्या नव्या धोरणातून ज्यांना सवलत किंवा अनुदान हवे आहे, त्यांच्याकडून आधी अप्रेंटिसची यादी घ्यावी, आणि त्यात पालिकेच्या शाळांतून व रात्रशाळांतून आलेली मुले किती, हे तपासावे. सरकारी पैसा घेणाऱ्याला एवढे विचारणे गैर नाही.

यावर एक उत्तर हमखास मिळते : रोटो आता एआय करणार, मग या मुलांना कशाला शिकवता? त्यातला निम्मा भाग खरा आहे. कडा कापण्याचे प्राथमिक काम यंत्र झपाट्याने घेते आहे. मग तर फक्त बटणे शिकवणारे तीन महिन्यांचे कोर्स आणखीच निरुपयोगी ठरतात. यंत्राने काढलेली कडा कुठे चुकली हे ज्याला दिसते, त्याची गरज उरणार आहे. आमच्याकडचा एक मुलगा गणपतीच्या दिवसांत परळच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. भुवईची रेघ कुठे जाड होते, बुबुळ किती वर ठेवले की नजर प्रेमळ वाटते, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. त्याला थ्रीडी मॉडेलिंग शिकवून पाहावे. आगमन सोहळ्याच्या रील्स फोनवर कापणाऱ्या पोरांना ठेका कळतो, कट कुठे मारायचा ते कळते. प्रवेशाच्या वेळी बारावीचे टक्के आणि इंग्रजीची चाचणी लावली की अशी मुले दारातच गळतील. त्यांचे काम बघून घ्या आणि शिकवणे मराठीतून, हिंदीतून होऊ द्या. कॉम्पोझिटिंग, कीफ्रेम हे शब्द ती आपोआप उचलतात.

शाळांमधल्या कलाशिक्षकांची पदे हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. पण चित्रकलेचा तास बुडवून त्याच शाळेत ॲनिमेशनची लॅब मांडणे मला कधीच पटणार नाही.

महापालिकेच्याच २००९च्या मानवी विकास अहवालात आमचा एम-पूर्व विभाग (मानखुर्द-गोवंडीचा पालिका विभाग) शहरात सर्वांत तळाला होता. मुंबईतल्या लॅबची यादी होईल, तेव्हा या विभागातल्या शाळा तिच्यात सर्वांत वर असाव्यात आणि लॅबच्या वेळापत्रकात संध्याकाळी सहा ते दहा ही वेळ जुन्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेली असावी. शालेय शिक्षण विभागाने आणि आयआयसीटीने याचे उत्तर आपल्या वृत्तपत्रातून द्यावे, अशी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
मानखुर्द, मुंबई